दहावा बॉल : मोटरवाल्या फोम-बॉल ब्लास्टरच्या प्रकल्प नोंदी

१९ एप्रिल २०२५

ब्लास्टर, म्हणजे फोमचे बॉल उडवणारी खेळण्यातली बंदूक, आता माझ्या टेबलावर आहे. चुलतभावाने परदेशातून येताना आणला होता आणि सोसायटीच्या मुलांनी तो दोनदा-तीनदा खेळून बाजूला ठेवला. त्यांची तक्रार एकच : "काका, पहिला बॉल मस्त जातो, मग मरतो." मे महिन्याच्या सुट्टीत क्लबहाउसच्या हॉलमध्ये नववी-दहावीच्या पुढच्या मुलांचे सामने भरवायचे ठरले आहे. त्याआधी हा नीट चालवून दाखवायचा, असं मी अंगावर घेतलं.

यंत्र कसं आहे ते आधी लिहून ठेवतो. वर शंभर बॉल मावतील असं हॉपर. त्याखाली एक लहान मोटर पट्टा फिरवते आणि पट्टा एकेक बॉल पुढे आणतो. पुढे दोन चाकं आहेत, एक वर, एक खाली, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. चाकांमधली फट बॉलपेक्षा कमी, त्यामुळे बॉल दाबला जातो आणि चाकं त्याला पुढे भिरकावतात. मुठीत दोन ट्रिगर आहेत. मधल्या बोटाखालचा ट्रिगर चाकं फिरवतो, याला मुलं ‘रेव्ह’ म्हणतात. तर्जनीखालचा पट्टा सोडतो. मागच्या दस्त्यात सहा मोठे सेल बसतात, म्हणजे डी साइझ, जुन्या टॉर्चमध्ये असायचे ते.

बॉल साधारण २२ ते २३ मिलिमीटरचा, पिवळा, पॉलियुरेथेन फोमचा, अंगावर गोल्फच्या चेंडूसारखे खड्डे असलेला. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने २०१५ साली आपल्या नर्फ या ब्रँडच्या ‘रायव्हल’ मालिकेत हा आकार आणला आणि आता बाकीचे बनवणारेही बहुतेक याच मापाचे बॉल वापरतात. नर्फची सुरुवातही चेंडूपासूनच झाली, १९७० च्या सुमाराला, ‘घरात खेळायचा चेंडू’ म्हणून. त्यांचा पहिला ब्लास्टरसुद्धा १९८९ चा, बॉल उडवणारा होता. बाणासारखे डार्ट १९९२ मध्ये आले आणि पुढे वीसेक वर्षं सगळं डार्टचंच राज्य होतं. म्हणजे बॉल हा या खेळातला जुनाच गडी आहे.

खोक्यावरचा आकडा सेकंदाला १०० फूट. म्हणजे सुमारे ३० मीटर. पण कितव्या बॉलचा, ते खोक्यावर नाही. या प्रकल्पात मला तेच बघायचं आहे. एका दमात सुटलेल्या बॉलांमधला दहावा बॉल किती वेगाने जातो, त्यावर मी या यंत्राचं माप काढणार आहे. खेळताना कुणी एक बॉल मारून थांबत नाही.

२३ एप्रिल

वेग मोजायला साधन हवं. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, आत बॉल मोकळा जाईल एवढ्या व्यासाचा. १५ सेंटिमीटर अंतरावर दोन जोड भोकं पाडली. प्रत्येक जोडीत एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. बॉलने पहिला किरण तोडला की आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, घड्याळ सुरू करतो, दुसरा तोडला की थांबवतो. ३० मीटरच्या वेगाला १५ सेंटिमीटर कापायला बरोबर ५००० मायक्रोसेकंद लागतात. आर्डुइनोचं घड्याळ चार मायक्रोसेकंदांपर्यंत मोजतं, तेव्हा काटेकोरपणाची चिंता नाही. चिंता उन्हाची. दुपारी खिडकीतून येणारा उजेडच सेन्सरला आंधळा करतो. पाइपला काळा कागद गुंडाळला आणि मोजमापं संध्याकाळीच घ्यायचं ठरवलं.

बॉल तोलायला कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेलो. एकेक तोलण्यापेक्षा मूठभर एकदम तोलून भागाकार केला. एक बॉल १.८ ग्रॅमचा निघाला. सोनारकाकांनी बॉल बोटांत दाबून बघितला आणि विचारलं, "हा लागतो का हो?" लागतो. २८ मीटर वेगाने त्यात ०.७ ज्यूल ऊर्जा असते. अंगावर चटका बसतो आणि तोंडावर तर नकोच.

२७ एप्रिल

पहिली मोजणी. सेल आधी तेच घातले जे वाण्याकडे मिळतात, साधे झिंक-कार्बन. रेव्ह दाबल्यावर चाकं वेग धरायलाच वेळ लावतात. पहिला बॉल २२ मीटर. चौथ्या-पाचव्या बॉलनंतर चाकं इतकी मंदावतात की बॉल मध्येच अडकतो आणि मोटर कण्हत उभी राहते. लगेच बोट सोडावं लागतं, नाही तर मोटरच्या गुंडाळीचा वास यायला लागेल. या सेलवर पुढे मोजण्यात अर्थ नाही.

मग अल्कलाइन. पहिला बॉल २८ मीटर, म्हणजे ५३५७ मायक्रोसेकंद. खोक्यावरच्या आकड्याच्या बरंच जवळ. पण ट्रिगर धरून ठेवला की प्रत्येक बॉलबरोबर आकडा उतरत जातो आणि दहावा बॉल २२.५ वर येतो. हे सगळं दोन सेकंदांच्या आत घडतं, कारण पट्टा सेकंदाला सहाच्या आसपास बॉल सोडतो.

मुलांचा कान बरोबर होता. आणि कानाचा विषय निघालाच आहे तर आजची खरी गंमत सांगतो. आई शेजारच्या खोलीत भजनी मंडळाच्या तयारीला पेटी घेऊन बसली होती. मी रेव्ह दाबला आणि तिने तिकडून हाक मारली, "काळी पाच लागतेय रे तुझ्या मशीनची." मी ट्रिगरही दाबला. ती म्हणाली, "उतरली. तीनवर आली."

पेटीची काळी पाच, खालच्या सप्तकातली, म्हणजे २३३ हर्ट्झ, सेकंदाला २३३ कंपनं. काळी तीन म्हणजे १८५. चाकाचा व्यास व्हर्नियरने मोजला, ४२ मिलिमीटर. एका फेऱ्याला एक कंपन धरलं, म्हणजे चाक सेकंदाला २३३ फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग होतो ३०.७ मीटर. १८५ फेऱ्यांना २४.४. बॉल चाकावर थोडा घसरतो, म्हणून त्याचा वेग कडेच्या वेगापेक्षा जरा कमीच राहणार. पाइपमधले आकडे २८ आणि २२.५. दोन्हीकडे गुणोत्तर जवळपास सारखंच पडतं.

तरी खात्री करायला चाकावर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून एक सेन्सर त्याच्यासमोर धरला. फेऱ्याला एक ठोका. २३१ ते २३४ च्या दरम्यान. आईचा कान माझ्या आर्डुइनोच्या तोडीस तोड आहे, आणि आर्डुइनो जोडायला मला अर्धा तास लागतो.

३० एप्रिल

वेग का उतरतो त्याचा हिशोब मांडला. चाक साधारण १० ग्रॅमचं. दोन्ही चाकं पूर्ण वेगात असताना त्यांच्यात मिळून पावणेपाच ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठलेली असते. एक बॉल ०.७ ज्यूल घेऊन जातो, आणि घसरण्यात व फोम दाबण्यात जवळपास तेवढीच वाया जाते. म्हणजे एका बॉलमागे चाकांची तीस टक्के ऊर्जा जाते. पुढचा बॉल येतो सेकंदाच्या सहाव्या भागात. तेवढ्या वेळात मोटरने ही तूट भरून काढली तर वेग टिकतो. भरून काढायची तर आठ-नऊ वॉट ताकद प्रत्यक्ष चाकापर्यंत पोचायला हवी, आणि मोटरचे स्वतःचे तोटे धरले तर बॅटरीतून त्याच्या दुपटीने निघायला हवी.

इथेच गाडं अडतं. सेलला स्वतःचा आतला रोध असतो. मोटरने जास्त करंट मागितला की सेलचं व्होल्टेज खाली बसतं. सहा अल्कलाइन सेल मोकळे असताना ९.४ व्होल्ट दाखवतात, पण बॉल सुटत असताना मीटर सातच्या खाली जातो. झिंक-कार्बन तर पाचाच्या आसपास. टॉर्चला हे सेल चालतात कारण टॉर्चचा बल्ब एकसारखा थोडा करंट घेतो. इथे झटक्यात मागणी येते.

म्हणजे मोटर बदलायची गरज नाही. परदेशातले हौशी लोक लगेच जास्त ताकदीच्या मोटरी घालतात, पण त्या आणखी करंट मागणार आणि आजारी बॅटरीचं दुखणं वाढणार. आधी बॅटरी.

३ मे

पहिला प्रयोग स्वस्तातला : सहा रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल, पेन्सिल सेलच्या आकाराचे, आणि ते मोठ्या सेलच्या जागी बसावेत म्हणून प्लॅस्टिकची टोपणं. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून एकूण व्होल्टेज कमी. आईच्या कानाने रेव्हला काळी चार लागली, म्हणजे २०८ फेरे. पहिला बॉल २५.२ मीटर. पण दहावा २३.८.

हे दोन आकडे मी वहीत चौकट करून ठेवले आहेत. अल्कलाइनपेक्षा पहिला बॉल जवळजवळ तीन मीटरने हळू, आणि दहावा सव्वा मीटरने जास्त. खोक्यावरच्या आकड्याने निवडायला गेलो असतो तर ही बॅटरी टाकून दिली असती.

हाताळणीचा मुद्दाही आजच समोर आला. सहा अल्कलाइन डी सेलचं वजन ८४० ग्रॅमच्या घरात जातं. ही नवीन व्यवस्था पाव किलोचीही नाही. मुलीच्या हातात दिला. ती पंधरा वर्षांची आहे, मनगट बारीक. आधी ती दस्ता काखेत दाबून धरायची आणि दहा मिनिटांत हात खाली टाकायची. आता उचलला आणि म्हणाली, "हलका झाला, पण नाक जड वाटतंय." बरोबर आहे. मागचं वजन गेलं आणि दोन मोटरी, चाकं, त्यांना धरणारा पिंजरा हे सगळं पुढे आहे. पूर्वी तोल मुठीच्या जरा मागे होता, आता चार बोटं पुढे सरकला. नेम धरताना डावा हात सतत वर उचलत राहावा लागतो आणि तो हातच आधी थकतो. एकूण वजनापेक्षा तोल कुठे आहे याने थकवा ठरतो, हे मला वजनकाट्यावर कधीच कळलं नसतं.

टोपणांची स्प्रिंग पातळ आहे. लागोपाठ बॉल सोडल्यावर ती बोटाला कोमट लागते. म्हणजे तिथेही व्होल्टेज सांडतंय.

१० मे

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सकाळ घालवली. ड्रिल मशीनच्या बॅटरीत असतात ते सब-सी सेल हवे होते, टॅबसकट, म्हणजे सेलवर थेट सोल्डरचा डाग द्यावा लागत नाही. दुकानदाराने आधी लिथियम पॉलिमर पुढे केली : "हीच घ्या, सगळे हीच नेतात ड्रोनला." ताकद तिच्यात नक्कीच जास्त आहे. पण हा ब्लास्टर मुलांच्या हातात राहणार, पडणार, आपटणार, आणि चार्जिंग सोसायटीच्या ऑफिसात कुणीतरी लावणार. फुगलेली किंवा भोसकली गेलेली लिथियम पॉलिमर पेट घेते. निकेलची बॅटरी चुका पोटात घालते. सात सेल घेतले, ८.४ व्होल्ट.

सात का? भरलेली असताना ही माळ अल्कलाइनइतकंच, साडेनऊ व्होल्टच्या वर दाखवते, म्हणजे मोटरला नवीन काही सोसावं लागत नाही. आणि वजन ४०० ग्रॅम, दोन टोकांच्या मध्ये.

दस्त्याच्या आतली सेलची कप्पेबंदी हॅकसॉने कापून काढली. सेल दोन ओळींत, चार आणि तीन, वर उष्णतेने आक्रसणारी नळी. गाडीत असतो तो दहा अँपिअरचा पात्याचा फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी. मूळच्या वायरी शेवयांसारख्या बारीक होत्या, त्या जागी सिलिकॉनच्या जाड वायरी. स्विचचे डाग नव्याने दिले.

११ मे

रेव्हला काळी पाच. पहिला बॉल २७.८. दहावा २५.९.

ट्रिगर धरून ठेवल्यावर आवाज काळी चारच्या जरा वरच थांबतो आणि तिथेच टिकतो. आधी तो घसरत राहायचा. मुलगी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याच्या खोक्यामागे उभी होती, ती तिथूनच ओरडली, "आता सगळे सारखे लागतायत!"

१५ मे

वेग टिकला, म्हणून आता लांबचं बघू. हॉल लांबीला १८ मीटर आहे. भिंतीवर खडूने मीटर-मीटरच्या खुणा करून फोनच्या २४० फ्रेमच्या व्हिडिओत बॉल टिपला. दहा मीटरवर एक मीटर कापायला पंधरा-सोळा फ्रेम लागतात, म्हणजे वेग १५ मीटरवर आलेला. नळीतून २७-२८ ने निघालेला बॉल दहा मीटरांत जवळपास निम्मा होतो.

हवेचा रोध काढून बघितला. सुटल्या क्षणी हवा त्या १.८ ग्रॅमच्या बॉलला त्याच्या वजनाच्या चौपटीहून जास्त जोराने मागे ओढत असते. आकार मोठा, वजन नगण्य. त्यामुळे नळीशी वेग आणखी दोन-तीन मीटरने वाढवून लांब पल्ल्यावर फारसं काही हाती लागत नाही, तो जादाचा वेग हवाच खाते. खांद्याच्या उंचीवरून सपाट मारलेला बॉल दहा मीटरवर मीटरभर खाली येतो आणि अकरा-बारा मीटरवर फरशीला टेकतो. मुलं म्हणून नळी वर करून मारतात, आणि नेम अंदाजपंचे होतो.

उपाय फिरकी. बॉलचा वरचा भाग मागे फिरत राहिला तर हवा त्याला उचलून धरते. हा मॅग्नस परिणाम, क्रिकेटच्या फिरकी गोलंदाजाला आणि टेबल टेनिसवाल्याला हातात माहीत असतो. माझ्याकडे चाकं वर-खाली आहेत, मोटरी स्वतंत्र आहेत. वरचं चाक जरा हळू फिरलं की बॉल आपोआप उलटी फिरकी घेऊन निघणार.

१७ मे

वरच्या मोटरच्या वायरीत एक डायोड ओळीत घातला, १एन५४०८, तीन अँपिअरचा. तो पाऊण-एक व्होल्ट खातो. खर्च एका वडापावाइतकाही नाही. वरचं चाक खालच्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी मंदावलं.

हिशोबाप्रमाणे दोन्ही कडांमध्ये तीन मीटरचा फरक पडला तर बॉल सेकंदाला वीस-एकवीस फेरे घेतो, आणि सुरुवातीला त्याला मिळणारी उचल वजनाच्या निम्म्याहून जास्त असते. प्रत्यक्षात दहा मीटरवर बॉल पूर्वी मीटरभर पडायचा, आता हातभर. व्हिडिओत त्याची रेघ बराच वेळ सरळ दिसते आणि मग एकदम वाकते. पहिला बॉल २६.९ आणि दहावा २५.१ झाला, म्हणजे वेग किंचित गेला, त्या बदल्यात चार-पाच मीटरचा उपयोगी पल्ला मिळाला. हा सौदा मी डोळे झाकून करीन.

आवाज मात्र आता दुहेरी झाला. दोन चाकं दोन सुरांत, आणि त्यांच्यात घरघर. आईने कपाळाला आठी घातली. पेटी आवरेपर्यंत मशीन लावायचं नाही असा नियम झाला.

१९ मे

अडकण्याच्या मागे लागलो. एक अडकणं चाकांपाशी होतं. घाईत मुलं दोन्ही ट्रिगर एकदम दाबतात. चाकांनी वेग धरायच्या आत पट्टा बॉल आणून खुपसतो. "आधी रेव्ह, मग मोजा एक, मग मार" असं सांगून बघितलं. समोरून बॉल येत असताना कुणी एक मोजत नाही. म्हणून हे काम सर्किटवर सोपवलं.

पट्ट्याच्या मोटरला आयआरएलझेड४४एन मॉस्फेट लावला, म्हणजे गेटवर व्होल्टेज आलं की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याचं गेट चालतं चाकांच्या मोटरच्या व्होल्टेजवर, पण मध्ये २२ किलो-ओहमचा रोध आणि २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यापुढे ३.९ व्होल्टचा झेनर (तेवढं व्होल्टेज अडवणारा डायोड), मग गेट, आणि गेटपासून खाली १०० किलो-ओहम. रेव्ह दाबल्यावर कपॅसिटर भरत सहा व्होल्टच्या जवळ पोचेपर्यंत पट्टा हलतच नाही. त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चाकं वेगात आलेली असतात. रोधावर उलटा एक लहान डायोड आहे, म्हणजे रेव्ह सोडला की कपॅसिटर झटकन रिकामा होतो.

यातून दोन गोष्टी आपसूक मिळाल्या. रेव्ह सोडल्यावरही फिरत राहिलेली मोटर स्वतः वीज तयार करते, त्यामुळे चाकं चांगल्या वेगात आहेत तोवर पट्टा चालू शकतो आणि मंदावली की आपोआप थांबतो. दुसरी, बॅटरी फार उतरली तर सहा व्होल्ट कधी भरतच नाहीत आणि पट्टा सुटत नाही. म्हणजे मेलेल्या बॅटरीवर बॉल अडकवून मोटर जाळण्याचा मार्गच बंद झाला. हे सर्किट मी बोटाच्या पेरांएवढ्या व्हेरोबोर्डवर, म्हणजे भोकांच्या सर्किट-पट्टीवर, बसवलं आणि मुठीच्या आत गरम गोंदाने चिकटवलं. या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच.

२२ मे

दुसरं अडकणं हॉपरमध्ये. हॉपर काठोकाठ भरलं की तोंडाशी बॉल एकमेकांना रेटून कमान धरतात. वर ऐंशी बॉल, खाली पट्टा रिकामा फिरतोय. पिठाच्या गिरणीत ज्वारी हॉपरच्या गळ्यात धरते आणि गिरणीवाला बाजूने थाप मारतो, तसंच. मुलंही थापच मारतात, आणि थापेबरोबर नेम जातो.

गळा बॉलच्या तुलनेत अरुंद आहे आणि फोम फोमला धरतो, घसरत नाही. गळा रुंद करायला प्लॅस्टिक कापावं लागलं असतं. त्याऐवजी पट्ट्याच्या रुळाच्या टोकाला एक लवचिक बोट बसवलं : केबल टाय, टोक हॉपरच्या गळ्यात येईल अशी. रूळ फिरला की ती टाय खालच्या बॉलला टोचत राहते आणि कमान मोडते. साठ-सत्तर बॉलपर्यंत आता थाप लागत नाही. शंभर भरले की अजूनही कधीतरी धरतं.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आहे आणि हॉलची फरशी ओलसर. बॉल फरशीवरून गोळा होतात, धूळ आणि ओल घेऊन. धूळ चाकांवर बसते, चाकाची पकड जाते आणि बॉल जास्त घसरतो. चाकं उघडून बघितली तर पिवळसर काजळी जमलेली होती, फोमचीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्यावर वेग एक मीटरने परत आला. हे दर आठवड्याचं काम.

बॉलही झिजतात. नवा २२.६ मिलिमीटर, खूप मार खाल्लेला २२ च्या खाली. तेवढ्याने चाकांचा दाब कमी होतो. वीतभर ॲक्रिलिकच्या पट्टीला २२ मिलिमीटरचं भोक पाडलं. जो बॉल न अडता आरपार पडतो तो खेळातून बाद, नेमबाजीच्या सरावाला वेगळ्या पिशवीत. धाकट्यांना हे काम फार आवडलं आहे, दोघंजण पिशवी घेऊन बसतात आणि निकाल देतात. बॉल ओले असतील तर आधी वर्तमानपत्रावर पसरायचे, पंख्याखाली. पिशवीत कोंडून ठेवायचे नाहीत. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की आतून भुगा व्हायला लागतो.

२८ मे

चष्म्याबद्दल पालकांशी बोललो. हे मला प्रकल्पाइतकंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माणसाचं बुबुळासकट डोळ्याचं गोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं असतं. बॉल २२-२३ चा. म्हणजे तो डोळ्याच्या खोबणीत थेट बसू शकतो, भोवतालचं हाड त्याला अडवत नाही. क्रिकेटचा चेंडू मोठा असल्याने कडेच्या हाडावर आदळतो, हा आत जातो. २०१७ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी खेळण्यातल्या फोमच्या गोळीने डोळ्याला इजा झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांच्याही डोळ्यात रक्त उतरलं होतं. गोळी मऊ असली तरी वेग वेगच असतो.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा. या जातीचे ब्लास्टर १४ वर्षांपुढच्यांसाठी म्हणून विकले जातात. तेव्हा धाकट्यांच्या हातात तो कितीही हट्ट केला तरी जाणार नाही, आणि हॉलच्या दाराच्या आत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला, बघ्यांनासुद्धा, चष्मा. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवर काम करणाऱ्यांसाठी असतात ते पॉलिकार्बोनेटचे, बाजू बंद असलेले. उन्हाचे गॉगल चालणार नाहीत, ते फुटून आत जातात. एका आईने विचारलं, "नंबरचा चष्मा असेल तर?" त्याच्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो, तो आणला आहे.

१ जून

तोलाचा प्रश्न सुटला. सब-सी बॅटरीने मागे वजन आलं होतंच, तरी नाक थोडं जडच होतं. दस्ता मुलीच्या हाताला लांब पडत होता म्हणून ती ब्लास्टर पुढे ताणून धरायची, हे व्हिडिओत दिसलं. दस्ता चार सेंटिमीटरने आत घेतला. पुढच्या हाताची मूठ सरळ खाली होती, ती पिंजऱ्याच्या बाजूला तिरकी लावली, म्हणजे कोपर बरगडीला टेकतं आणि वजन हाडावर येतं, स्नायूवर नाही. वर बॅगेचा जुना पट्टा, खांद्यावरून. हॉपर रिकामं होत जातं तसं वजन बदलतं, शंभर बॉल म्हणजे १८० ग्रॅम, पण ते बरोबर मुठीच्या वर असल्याने तोल हलत नाही. मूळ बनवणाऱ्याने हे चांगलं साधलं आहे.

मुलगी अख्खा सामना एका दमात खेळली. हात खाली टाकला नाही.

८ जून

आज संध्याकाळभर सामने. पाऊस बाहेर धो-धो, हॉलमध्ये दमट. बॅटरी दुपारी भरली होती आणि शेवटपर्यंत पुरली. सगळं संपल्यावर, बाकड्यावर पाइप लावून, न पुसलेल्या चाकांवर मोजलं : पहिला बॉल २६.१, दहावा २४.३. मोटरी हाताला गरम, पण बोट ठेवता येईल इतक्याच. फ्यूज शाबूत. चाकांपाशी एकदाही अडकलं नाही. हॉपरमध्ये मात्र कमान धरली, काठोकाठ भरलं होतं तेव्हाच.

हॉपरच्या आत सत्तर बॉलांच्या पातळीला लाल टेपची रेघ मारली. यापुढे तिथपर्यंतच भरायचं.